थॉरच्या आधी शकुंतला: गिरगावच्या छापखान्यातून देवांना चेहरा देणारे राजा रविवर्मा

मार्व्हलच्या कॉमिक्समधला थॉर डोळ्यांसमोर आणा. लांब सोनेरी केस, दाढी नसलेला गुळगुळीत चेहरा, पाठीवर लाल झगा आणि डोक्यावर पंखांचं शिरस्त्राण. आता ‘अमर चित्र कथा’मधली शकुंतला किंवा सीता आठवा. मोठे डोळे, गोरा रंग, खांद्यावरून उतरणारा मोकळा केशसंभार, दागिने आणि मागे झाडं, नदी, डोंगर.

दोन्ही चित्रं इतकी ओळखीची झाली आहेत की ही माणसं पहिल्यापासून अशीच दिसत असावीत, असं वाटतं. पण उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधला थॉर तांबड्या दाढीचा आहे आणि तो बोकडांच्या रथातून फिरतो. आपल्याकडच्या पुराणकथांतही नायिकांच्या साडीचा काठ कसा होता, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. हे चेहरे आणि हे पोशाख कुणीतरी, कधीतरी ठरवले आहेत.

आपल्या बाबतीत हे ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा एका माणसाचा होता. तो केरळात जन्मला, बडोद्यात नावारूपाला आला आणि त्याने आपला छापखाना काढला तो मुंबईत, गिरगावात. त्या छापखान्याने त्याची चित्रं घराघरांत नेली आणि त्याला कर्जातही बुडवलं. त्या राजा रविवर्मांची ही गोष्ट.

किलिमानूरचा मुलगा

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किलिमानूर इथे झाला. नावामागे ‘राजा’ असलं तरी ते कुठल्या संस्थानचे अधिपती नव्हते. किलिमानूरच्या घराण्याचे त्रावणकोरच्या राजघराण्याशी लग्नसंबंध होते. घरात संस्कृत, संगीत, कथकली यांचं वातावरण होतं. आई उमयंबा स्वतः काव्यरचना करत. मामा राजराजवर्मा चित्रं काढत, आणि भाच्याचा हात त्यांनीच पहिल्यांदा ओळखला.

1862 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारात नेलं. तिथे रविवर्मांना राहायला जागा मिळाली आणि पाहायला चित्रं मिळाली. जलरंगाचे धडे दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांच्याकडून मिळाले. तैलरंग मात्र तेव्हा तिथे नवे होते आणि ते येणारी माणसं आपली विद्या सहजासहजी दुसऱ्याला देत नसत.

1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार दरबारात आला. त्याने रविवर्मांना शिकवायला नकार दिला. आपण चित्र रंगवत असताना शेजारी उभं राहून पाहायला मात्र त्याने परवानगी दिली. रंग किती पातळ करायचा, एक थर वाळल्यावर दुसरा कसा चढवायचा, कातडीवरची चमक कशी आणायची, हे रविवर्मांनी असं पाहून उचललं. बाकीचं स्वतः चुकत-माकत केलं. ते कुठल्याही कलाशाळेत गेले नाहीत आणि आयुष्यात कधीही युरोपला गेले नाहीत.

1866 मध्ये त्यांचं लग्न मावेलिक्कराच्या भागीरथीबाईंशी झालं. 1873 साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या, केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या चित्राचा सन्मान झाला. 1876 मध्ये त्यांनी कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला रंगवली. ते चित्र मद्रासच्या गव्हर्नरने विकत घेतलं. पुढे संस्कृत पंडित मोनियर विल्यम्स यांच्या ‘शाकुंतला’च्या इंग्रजी भाषांतरात ते छापलं गेलं. पुराणातली नायिका रंगवावी आणि तिचं चित्र छापून दूर जावं, ही रविवर्मांच्या पुढच्या आयुष्याची दिशा इथेच दिसते.

देव नेमके कोणते कपडे घालतात?

1880 मध्ये आयिल्यम तिरुनाळ वारले. नव्या महाराजांशी रविवर्मांचं जमलं नाही. याच वेळी बडोद्याहून बोलावणं आलं. सर टी. माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते आणि आता बडोद्यात होते. मूळचे तंजावरचे मराठी भाषक असलेल्या माधवरावांना रविवर्मांचं काम माहीत होतं. 1881 मध्ये रविवर्मा धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा यांच्यासह बडोद्याला आले आणि त्यांनी सयाजीराव गायकवाडांची व्यक्तिचित्रं केली.

पुढे सयाजीरावांनी त्यांच्याकडे मोठं काम सोपवलं. नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारत आणि पुराणांतले चौदा प्रसंग रंगवायचे होते. नल-दमयंती, शंतनू आणि मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, द्रौपदीची विटंबना, असे विषय होते.

इथे एक साधी पण अवघड अडचण उभी राहिली. देवळातली मूर्ती दगडाची किंवा धातूची असते. तिचे हात, आयुधं, वाहन हे सगळं शास्त्राने ठरलेलं असतं, आणि पुजारी तिला रोज वेगळं वस्त्र नेसवतो. तैलचित्रात मात्र कापड कापडासारखं दिसावं लागतं. त्याला घडी हवी, काठ हवा, पदर कुठून कुठे जातो हे ठरवावं लागतं. मग दमयंतीने मल्याळी मुंडू नेसावं, पंजाबी घागरा घालावा की मराठी लुगडं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोघे भाऊ 1888 च्या सुमारास उत्तर भारतभर फिरले. सगळ्या देशाला चालेल असा एकच प्राचीन पोशाख कुठेतरी सापडेल, अशी अपेक्षा होती. तसा तो सापडला नाही. प्रत्येक प्रांताचं वेगळंच होतं. शेवटी रविवर्मांनी निवड केली ती साडीची. तिच्या नेसणीवर पश्चिम आणि दक्षिण भारताची छाप होती. आज देवी म्हटलं की साडीच डोळ्यांपुढे येते, तीही काठापदराची. त्यामागे या निवडीचा मोठा हात आहे.

चेहरे, हावभाव आणि उभं राहण्याच्या ढबी यांसाठी त्यांच्यासमोर आणखी एक जागा होती. ती म्हणजे रंगभूमी. 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं होतं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं होतं. मुंबईत पारशी नाटक मंडळ्या रंगवलेल्या भव्य पडद्यांपुढे पौराणिक नाटकं करत होत्या. हे दोघे भाऊ नाटकांचे शौकीन होते. त्यांच्या चित्रांत मागे पडद्यासारखा देखावा दिसतो, पुढे दोन-चार पात्रं असतात आणि क्षण कथेतला ऐन मोक्याचा असतो. वनवासाला निघण्यापूर्वीचा, शाप देण्याआधीचा, निरोप घेतानाचा.

म्हणजेच गोष्टीतली एक चौकट निवडून तिच्यात आधीचं आणि नंतरचं दोन्ही सुचवायचं. कॉमिक्सचा चित्रकार प्रत्येक पानावर हेच करतो.

चित्र राजवाड्यात, लोक बाहेर

बडोद्याची चित्रं पूर्ण झाली, लोकांना पाहायला ठेवली गेली आणि पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. त्यांच्या छायाचित्रांनाही गिऱ्हाईक मिळालं. पण मूळ चित्रं शेवटी राजवाड्याच्या भिंतीवर गेली. सामान्य माणसाला ती पुन्हा दिसणार कशी?

यावर माधवरावांनी 1884 च्या सुमारासच एक उपाय सुचवला होता. रविवर्मांच्या चित्रांना एवढी मागणी आहे की ती एकट्याने पुरी होणं शक्य नाही. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. रविवर्मांनी त्यापुढचं पाऊल उचललं. चित्रं बाहेर पाठवण्याऐवजी यंत्रं आणि कारागीरच जर्मनीहून इथे आणायचे त्यांनी ठरवलं.

छापील देव ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये चित्रशाळा प्रेस सुरू झाली होती आणि तिथली देवादिकांची शिळाछाप चित्रं महाराष्ट्रभर जात होती. कलकत्त्यातही असे छापखाने होते. त्याही आधीपासून आपल्याकडे चित्रांतून पुराणकथा सांगितल्या जातच होत्या. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक कागदी चित्र दाखवत रामायण-महाभारत गाऊन सांगत. तेव्हा चित्रकथा आपल्याला नवी नव्हती. नवं होतं ते तैलचित्रासारखं दिसणारं, माणसासारख्या अंगकांतीचं आणि तरीही बाजारात विकत मिळणारं चित्र.

गिरगावातला छापखाना

1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्मांच्या भारतीय स्त्रियांच्या दहा चित्रांना पारितोषिकं मिळाली. कीर्तीच्या दृष्टीने हे शिखर होतं. दोन वर्षं आधी, 1891 मध्ये, पत्नी भागीरथीबाई वारल्या होत्या. आता दोघे भाऊ वर्षातला बराच काळ मुंबईत काढू लागले.

1894 मध्ये गिरगावात रविवर्मा फाइन आर्ट लिथोग्राफिक प्रेस सुरू झाली. भागीदार होते मुंबईतले उद्योजक गोवर्धनदास खटाव मखनजी. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे होते. कारभार प्रामुख्याने धाकटे राजराजवर्मा पाहत. ते स्वतः निसर्गचित्रकार होते आणि मोठ्या भावाच्या अनेक चित्रांतला मागचा देखावा त्यांनी रंगवला आहे. ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. त्या काळातल्या एका चित्रकाराचे व्यवहार, प्रवास, येणी-देणी त्या रोजनिशीमुळेच आज कळतात.

जागा गिरगावच का? बंदर, बाजारपेठ आणि रेल्वे जवळ होती. भोवती वाड्या आणि चाळी होत्या, त्यात मराठी आणि गुजराती मध्यमवर्ग राहत होता. हाच वर्ग नाटकाला जाणारा, वर्तमानपत्र घेणारा आणि घरात देव्हारा ठेवणारा. माल बनवणारे आणि विकत घेणारे एकाच शहरात होते. पहिलं छापील चित्र निघालं ते शकुंतलाजन्माचं. पाठोपाठ लक्ष्मी आणि सरस्वती आल्या आणि त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं.

ओलिओग्राफ म्हणजे काय?

रविवर्मांच्या छापील चित्रांना ओलिओग्राफ म्हणतात. ‘ओलिओ’ म्हणजे तेल. हे तैलचित्र नसतं, तैलचित्राचा भास देणारं शिळाछाप असतं.

शिळाछापाचं तत्त्व सोपं आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातल्या खाणींतून येणाऱ्या गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. मग शिळा ओली करतात. कोऱ्या जागेवर पाणी धरतं, तेलकट जागेवर धरत नाही. त्यावरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राच्या जागी चिकटते. वर कागद दाबला की चित्र कागदावर येतं.

रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. कारागिराला मूळ चित्राकडे पाहून मनातल्या मनात त्याचे थर सोडवावे लागत. लक्ष्मीच्या गालावर पिवळा किती, गुलाबी किती, साडीच्या सावलीत निळा किती, हे ठरवून तो प्रत्येक शिळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी तेवढाच भाग काढत असे. एका चित्राला अशा डझनभर किंवा त्याहून जास्त शिळा लागत. कागद तितक्या वेळा यंत्रातून जाई आणि दर वेळी नेमका त्याच जागी बसावा लागे. केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर. शेवटी वर रोगण चढवत आणि कधी कॅनव्हासच्या विणीचा ठसाही उमटवत.

हे काम वेळखाऊ आणि महाग होतं. शिळा जड, शाई आयात केलेली, कारागीर परदेशी पगाराचे. यातच पुढच्या संकटाचं बीज होतं.

देवळाबाहेरचा देव

रविवर्मांची लक्ष्मी कमळावर उभी आहे. चार हात आहेत, शेजारी हत्ती आहे, पाण्यात कमळं आहेत. सरस्वती वीणा घेऊन बसली आहे, जवळ मोर आहे. चार हात सोडले तर दोघीही एखाद्या घरंदाज बाईसारख्या दिसतात. त्या समोर बघतात आणि पाहणाऱ्याची नजर त्यांच्या नजरेला भिडते. दर्शनाचं मर्म हेच असतं.

लोकांनी ही चित्रं विकत घेतली, काचेच्या चौकटीत बसवली आणि त्यांची पूजा सुरू केली. काही घरांत देवीच्या छापील साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या गेल्या, म्हणजे मूर्तीला वस्त्र नेसवावं तसं चित्रालाही नेसवलं गेलं. प्रेसने पुढे दत्तात्रेयाचं चित्र काढलं. तीन शिरं, सहा हात, मागे गाय आणि पायाशी श्वान असलेलं ते रूप महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचंही चित्र निघालं.

या सगळ्याला एक सामाजिक बाजू आहे. त्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना देवळात पाऊल ठेवता येत नव्हतं. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो 1930 मध्ये, म्हणजे गिरगावच्या छापखान्यानंतर छत्तीस वर्षांनी. छापील चित्राने जातिभेद संपवला नाही. पण विकत घेतलेल्या चित्रापुढे उभं राहायला पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. देवाचं मुख पाहण्यावर जी बंदी होती, ती कागदावर लावता येत नव्हती.

प्लेग, कर्ज आणि मळवली

चित्रं गाजत होती, पण छापखाना तोट्यात होता. दोघे भाऊ चित्रकार होते, व्यापारी नव्हते. संस्थानिकांची कामं घ्यायला त्यांना म्हैसूर, उदयपूर, हैदराबाद असं सतत फिरावं लागे. मागे प्रेसचा खर्च चालूच राही. दुसरीकडे बाजारात त्यांच्याच चित्रांच्या स्वस्त नकला येऊ लागल्या. भागीदारीही टिकली नाही.

त्यातच 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीपासून सुरू झालेली साथ दाट वस्त्यांमधून पसरली. लोक शहर सोडून गावाकडे पळू लागले, गिरण्यांना कामगार मिळेनात. अशा शहरात छापखाना चालवणं कठीण होतं. 1899 मध्ये प्रेस लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवण्यात आली. मुंबई-पुणे लोहमार्गावरचं हे ठिकाण, कार्ल्याच्या लेण्यांपासून जवळ. हवा चांगली होती, पण कर्ज तिथेही सोबत आलं.

अखेर 1901 मध्ये रविवर्मांनी प्रेस विकली. घेणारे होते त्यांचेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायकर. यंत्रांबरोबर अनेक चित्रं छापण्याचे हक्कही गेले. ज्या लक्ष्मीने असंख्य घरांत बरकतीची देवता म्हणून जागा मिळवली, तिच्या चित्रकाराला तिच्यापासून फायदा झाला नाही.

श्लायकर यांनी मात्र धंदा सावरला. त्यांनी रविवर्मांची चित्रं छापणं चालू ठेवलं, इतर चित्रकारांकडून त्याच वळणाची नवी करून घेतली आणि जाहिराती, मालाची लेबलं, कॅलेंडरं यांचं काम धरलं. देव आता साबणाच्या आणि कापडाच्या जाहिरातींत दिसू लागले. परदेशी कारखानेही मागे नव्हते. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वीडनच्या आगपेट्यांवर हिंदू देवदेवतांची चित्रं येत. थॉर जिथे एकेकाळी पुजला जात होता, त्या देशातून कृष्ण आणि लक्ष्मी मुंबईच्या बंदरात उतरत होते.

अखेरची वर्षं

प्रेस गेली तरी रविवर्मांचं रंगवणं थांबलं नाही. त्यांचा मुलगा रामवर्मा मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि चित्रकार झाला. वडिलांना जे शिक्षण शेजारी उभं राहून मिळवावं लागलं, ते मुलाला वर्गात मिळालं. 1904 मध्ये ब्रिटिश सरकारने रविवर्मांना कैसर-ए-हिंद हे पदक दिलं.

1905 मध्ये भाऊ राजराजवर्मा वारले. चित्रात आणि व्यवहारात जवळपास पाव शतक सोबत असलेला हा जोडीदार गेल्यावर रविवर्मा खचले. मधुमेहाने तब्येत ढासळत होती. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किलिमानूर इथे, वयाच्या 58 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

त्यानंतर त्यांच्यावर टीकेची लाट आली. आनंद कुमारस्वामी आणि बंगालमधल्या नव्या चित्रपरंपरेच्या पुरस्कर्त्यांना ही चित्रं नाटकी आणि युरोपची उसनवारी वाटली. भारतीय कलेचा आत्मा त्यांना अजिंठ्यात आणि मुघल-राजपूत लघुचित्रांत दिसत होता. आणखी एक आक्षेप आजही घेतला जातो आणि तो गंभीर आहे. रविवर्मांच्या देवी आणि नायिका बहुतेक गोऱ्या आणि वरच्या वर्गातल्या बायकांसारख्या आहेत. महाभारतात द्रौपदी सावळी आहे, तिचं एक नावच कृष्णा आहे. पण छापील चित्रांच्या परंपरेत ती बहुधा गोरी होत गेली. लाखो प्रतींनी एक रूप पसरतं तेव्हा बाकीची रूपं मागे पडतात. गावोगावच्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यांना, टाकांना आणि मुखवट्यांना हे चित्र शेजारी मिळालं, आणि दिवाणखान्यात मान मिळाला तो चित्राला.

छापखान्यातून पडद्यावर

टीकेने रविवर्मांचा प्रवाह अडला नाही, कारण तोपर्यंत तो दुसऱ्या माध्यमात शिरला होता. धुंडिराज गोविंद फाळके यांनी तरुणपणी रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचं काम केलं होतं. पुढे ते स्वतः छपाईच्या धंद्यात उतरले आणि मग सिनेमाकडे वळले. त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी निवडला तो विषय रविवर्मांनीही रंगवलेला होता, हरिश्चंद्र आणि तारामतीचा. दादरच्या ज्या रस्त्यावर त्यांनी सेट उभा केला, त्याला आज त्यांचंच नाव आहे. आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात. ज्या भागात देव पहिल्यांदा तैलचित्राच्या थाटात छापले गेले, तिथेच एकोणीस वर्षांनी पुराणकथा हलताना दिसल्या.

थॉर आणि शकुंतला: एकाच शतकाची लेकरं

ऑगस्ट 1962 च्या तारखेने निघालेल्या ‘जर्नी इन्टू मिस्टरी’च्या 83 व्या अंकात मार्व्हलचा थॉर पहिल्यांदा आला. तो घडवला स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी. जुन्या कथा त्यांच्या हाताशी होत्याच. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसन यांनी त्या लिहून ठेवल्या होत्या. पण कॉमिक्सने त्या हव्या तशा बदलल्या. मूळ कथांत लोकी हा राक्षसाचा मुलगा आणि ओडिनचा मानलेला भाऊ आहे. कॉमिक्समध्ये तो थॉरचा दत्तक भाऊ झाला, कारण दोन भावांचं वैर महिनोन् महिने चालवता येतं.

रूपही जुन्या ग्रंथांतून आलं नाही. शिंगांची आणि पंखांची शिरस्त्राणं घातलेले उत्तरेचे वीर ही एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय चित्रकारांची आणि रंगभूमीची देणगी. 1876 मध्ये जर्मनीत वाग्नरच्या संगीतनाट्यांसाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी जे पोशाख तयार केले, त्यांत ती शिंगं होती. त्याच वर्षी रविवर्मा शकुंतलेचं पत्रलेखन रंगवत होते. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांना न ओळखता, जुन्या कथांना नवे कपडे शिवले जात होते.

1967 मध्ये मुंबईत अनंत पै यांनी इंडिया बुक हाउसमधून ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकरांसारख्या चित्रकारांनी कृष्ण आणि इतर पौराणिक पात्रं उभी केली. ही पात्रं वाचकाला पहिल्या चौकटीतच ओळखू यायला हवी होती. त्यासाठी लागणारी ओळख कॅलेंडरांनी आणि सिनेमाने आधीच तयार करून ठेवली होती, आणि तिचं मूळ रविवर्मांपर्यंत जातं.

मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे. आइसलँडने इसवी सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि उत्तर युरोपात थॉरची जुनी पूजा हळूहळू संपली. कॉमिक्समध्ये आला तेव्हा तो केवळ गोष्टीतला देव होता. त्याची दाढी काढली तरी कुणाचा देव्हारा हलणार नव्हता. रविवर्मांनी हात घातला तो रोज पुजल्या जाणाऱ्या देवांना. म्हणून त्यांच्या चित्रांना मान मिळाला तोही पूजेचा, आणि देव असा दाखवावा का, हा वादही आपल्याकडे प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर पुन्हा उभा राहतो, मग ते कॉमिक असो, मालिका असो की सिनेमा.

1972 मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि कारखाना जळून गेला. कित्येक मूळ छापील चित्रंही त्यात नष्ट झाली. बडोद्याची तैलचित्रं लक्ष्मीविलास राजवाड्याच्या परिसरातल्या संग्रहालयात पाहता येतात, आणि 1979 पासून रविवर्मांच्या कलाकृती देशाबाहेर नेण्यावर कायद्याने बंदी आहे. लक्ष्मीच्या छापील चित्राला मात्र अशा राखणीची गरज कधी पडली नाही. मूळ शिळा नाहीत, प्रेस नाही, हक्क सांगणारा मालक नाही, तरी दिवाळीच्या आधी मुंबईच्या बाजारात ती दर वर्षी नव्याने छापून येते. चित्राखाली चित्रकाराचं नाव बहुतेक वेळा नसतं.